सत्काराचा नारळ

सिद्धराम घराबाहेर पडला की बायकोच्या चार पावलं पुढं चालायचा. लग्न झाल्या दिवसापासूनचा हा नेम. सोलापूरच्या भवानी पेठेतून दोघं बाजाराला निघाली, की पुढं सिद्धरामची हलती पिशवी आणि मागं सुकन्येच्या चपलांची फटाक फटाक, अशी ती दोन माणसांची वरात जायची. मागं वळून बघणं त्याला ठाऊकच नव्हतं. एकदा अक्कलकोटच्या स्टँडवर तो एसटीत चढला, रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि ऐटीत बसला. गाडी सुटली, वळसंग आलं, शेजारच्या जागेवर एक धिप्पाड गडी येऊन टेकला, तेव्हा कुठं याच्या ध्यानात आलं की बायको गाडीतच नाही. घरी आल्यावर म्हणतो कसा, मला वाटलं तू मागंच आहेस. सुकन्या म्हणाली, मागंच होते की, अक्कलकोटला.

सिद्धराम एका हायस्कुलात हेडक्लार्क. पुण्यात नोकरी करणाऱ्या चेतनानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला विचारलं, कुठं जायचंय बोला. सिद्धराम म्हणाला तिरुपती. सुकन्येनं मात्र लेकीच्या मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. हिरव्यागार डोंगरावर एक म्हातारा आणि एक म्हातारी शेजारी शेजारी चालली होती. सुकन्या म्हणाली, मला असं चालायचंय.

तिच्या मनात काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण आपल्याला सांगायला हरकत नाही. सोलापुरात रिक्षा, सायकली, सासरची माणसं, शाळेतले मास्तर. त्यात बिचारा नवरा बायकोच्या बरोबरीनं कसा चालणार? डोंगरात कोण बघतंय? पंचवीस वर्षांत एकदा तरी हा माणूस आपल्या शेजारून चालावा, एवढीच तिची इच्छा होती. आणि ती फार जुनी होती.

लेकीनं सगळं ठरवून टाकलं. सह्याद्रीच्या धारेवरून आठ दिवस चालायचं, संध्याकाळी एखाद्या वाडीत घरगुती जेवण आणि मुक्काम. वाटेत खडकांवर पांढरे बाण रंगवलेले, ते बघत जायचं. आता सोलापूरकरानं डोंगराचा सराव कुठं करायचा? सिद्धरामनं स्टेशनवरचा पादचारी पूल धरला. रोज सकाळी पाठीवर पिशवी अडकवून तो जिने चढायचा आणि उतरायचा. तिथल्या हमालांनी त्याला दोन-तीनदा विचारलं, साहेब, कुठली गाडी चुकली?

गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष निंगप्पा याला तर सत्काराचं निमित्तच हवं असतं. पराक्रम झाल्यावर सत्कार सगळेच करतात; निंगप्पानं जाण्याआधीच उरकला. त्याचं म्हणणं, पुढचं कुणी बघितलंय, शाल आता हाताशी आहे. चौकात दोघांचा फ्लेक्स लागला. त्यात सिद्धराम पुढं होता आणि सुकन्या त्याच्या खांद्यामागून डोकावत होती. शाल दिली, नारळ दिला आणि वर हुकूम दिला, की हा नारळ शेवटच्या शिखरावर फोडायचा आणि प्रसाद गल्लीला आणायचा. तो नारळ शालीत गुंडाळून सुकन्येनं आपल्या सॅकमध्ये घातला. खाली कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा स्टीलचा डबा होताच.

पहिल्याच दिवशी सुकन्येचा भ्रमनिरास झाला. डोंगरातली वाट म्हणजे पायवाट, आणि तीही एका पायाची. तिच्यावरून दोन शेळ्यासुद्धा शेजारी चालल्या नसत्या. फोटोतली ती दोघं कुठल्या मुलखात चालत होती देव जाणे. वाट दिसताक्षणी सिद्धराम सवयीनं पुढं झाला. दिवसभर सुकन्येला सह्याद्री म्हणून जे दिसलं, ते म्हणजे नवऱ्याची सॅक आणि तिच्यावर वाळत घातलेला त्याचा टॉवेल. वर त्याच्या तोंडाची टकळी चालू. ही कुठली नदी, तो कुठला किल्ला, शाळेच्या संस्थेत कोण कुणाला पाण्यात बघतं. सगळं पुढं तोंड करून. निम्मं वाऱ्यावर जायचं. उरलेल्या निम्म्याला ती व्हय म्हणायची.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी तो आधी पोचला. केराबाई नावाच्या घरधनिणीनं त्याला विचारलं, एकटंच आलाय का? तो म्हणाला, मंडळी मागं आहे. मंडळी पोचली तेव्हा त्याचा चहा पिऊन झाला होता, आणि चहा फक्कड होता हे त्यानं तिला आवर्जून सांगितलं. सुकन्येनं बूट काढले. टाचेला फोड आला होता. तिला रडूच आलं, पण फोडामुळं नाही. एवढ्या लांब येऊन आपण सोलापूरचाच रस्ता चालतोय, याचं ते रडू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेला फाटा फुटला. खडकावरचा पांढरा बाण डावीकडं दाखवत होता आणि सिद्धराम संस्थेच्या निवडणुकीबद्दल बोलत बोलत उजवीकडं निघून गेला. हाक मारायला सुकन्येनं तोंड उघडलं आणि मिटलं. बघू तरी, याला कधी कळतंय. ती बाणाच्या खडकावर बसली, डबा काढला, भाकरी मोडली आणि चटणीवर तेलाची धार धरली.

पहिली भाकरी तिनं मजेत खाल्ली. आता येईल कसा ओशाळत, म्हणून ती मनात वाक्यंही जुळवत होती. भाकरी संपली, तो आला नाही. दुसरी तिनं रागानं खाल्ली, आणि कडक भाकरी रागानं खाल्ली की लांबवर ऐकू जाते. तरी तो आला नाही. तिसरी हातात घेतली आणि समोरच्या दरीवर एक घार गिरकी घेताना दिसली. हा दरीत तर गेला नसेल? भाकरी डब्यात, डबा सॅकमध्ये, सॅक पाठीवर. ती उजव्या वाटेनं जवळजवळ पळतच सुटली.

डोंगराला वळसा घालून वाट कड्याला चिकटली होती. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खोल उतार. त्या वाटेच्या मध्यावर सिद्धराम उभा होता. दोन्ही हातांनी त्यानं करवंदीची जाळी काट्यांसकट धरली होती, डोळे गच्च मिटले होते, आणि तो बोलत होता. पादचारी पुलाला कठडा असतो, ही गोष्ट त्याला इथं आल्यावर समजली असणार.

"तू रुसलीस, कळलंय मला," तो म्हणत होता. "काल चहा एकट्यानंच पिलो. चुकलं माझं."

सुकन्या त्याच्या पाठीशी जाऊन पोचली होती. आता बोलणार, तेवढ्यात तो पुढं म्हणाला, की मिक्सर व्होल्टेजनं जळला नव्हता, त्यानंच त्यात हळकुंडं घातली होती. त्या मिक्सरपायी तिनं वायरमनशी जे भांडण काढलं होतं, ते अजून मिटलेलं नव्हतं. माणूस सुरक्षित आहे, जाळी घट्ट आहे आणि कबुलीजबाब वाहतोय. वाहत्या गंगेत हात कोण धुणार नाही? ती गप्प राहिली. मग मंद्रूपच्या सासूबाईंनी, म्हणजे सुकन्येच्या आईनं, गौरम्मांनी, दिवाळीला दिलेला कोट त्यानं शाळेच्या शिपायाला देऊन टाकल्याचं निघालं. आणखीही बरंच निघालं. शेवटी त्याचा आवाज चिरकला.

"आता तरी बोल की. रस्त्यानं चाललो की मागं तुझी चप्पल वाजती. ती वाजती म्हणून मी बिनघोर म्होरं चालतो. अक्कलकोटला दुसऱ्याच कुणा बाईची वाजत हुती, मी फसलो. आन् ह्या बुटांत तर तू हायेस का न्हाईस, तेच कळंना झालंय. कालपासनं बडबडतोय ते उगं न्हाई. तू व्हय म्हटलीस की जिवाला बरं वाटतंय."

पंचवीस वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस आपल्याकडं पाठ करून चालतो. तो कान मागं ठेवून चालत होता. मेल्यानं एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असाही राग तिला आला. माया आणि राग एकाच वेळी आले आणि तिला कुठलं आधी धरावं ते कळेना.

"मी हितंच हाय," ती म्हणाली.

सिद्धरामनं लांब श्वास सोडला. डोळे मात्र उघडले नाहीत. "मग बोलत का नव्हतीस?"

"भाकरी खात होते."

वाट इतकी अरुंद की एकाला ओलांडून दुसऱ्यानं जाणं शक्य नव्हतं. जागच्या जागी वळायचं, एवढाच मार्ग होता; आणि दोघं वळली तशी सुकन्या पुढं झाली, सिद्धराम मागं. तिच्या सॅकचा पट्टा धरून तो लहान पोरासारखा पावलं टाकत आला. बाणाच्या खडकाशी पोचल्यावर तिनं त्याला बसवलं. बांगडीतली सेफ्टी पिन काढून तळहातांतले काटे उपसले. तो अजून कापत होता, म्हणून नारळाभोवतीची शाल सोडली आणि त्याच्या खांद्यावर घातली. हा त्याचा दुसरा सत्कार, आणि या वेळी टाळ्या वाजवायला निंगप्पा नव्हता.

उघडा नारळ आणि स्टीलचा डबा तिनं सरळ त्याच्या सॅकमध्ये टाकला आणि डाव्या वाटेनं पुढं निघाली. सिद्धराम फक्त साप-बिप बघून पाय टाक म्हणाला.

दुपारी वाट चढून वर आली आणि समोर एकदम मोठा सपाट माळ पसरला. बैलगाडी सहज गेली असती, एवढी जागा. थेट फोटोतल्यासारखी. सिद्धराम बिचकत बिचकत पुढं सरकला आणि तिच्या शेजारून चालायला लागला. पण दोघांची पावलं काही केल्या जुळेनात. खांद्याला खांदा आपटत होता, सॅकला सॅक अडकत होती, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. थोडं अंतर असं चालल्यावर तो मुकाट्यानं चार पावलं मागं झाला. तेव्हा कुठं दोघांना मोकळं वाटलं.

आता तिच्यापुढं सगळा सह्याद्री होता. मध्ये टॉवेल नाही, कुणी नाही. मागं सिद्धरामच्या सॅकमध्ये नारळ डब्यावर आपटत होता, टकटक, टकटक. तो आता काही बोलत नव्हता आणि तिला व्हय म्हणावं लागत नव्हतं.

माळाच्या टोकाशी ती टकटक थांबली. सुकन्येचं पाऊल जागच्या जागी थांबलं. पण ती वळली नाही. समोरच्या डोंगराकडं बघत, सगळा जीव कानांत आणून उभी राहिली.

"बुटाची नाडी सुटली," मागून आवाज आला.

"व्हय," ती म्हणाली.

टकटक पुन्हा सुरू झाली, आणि तिनं पाऊल उचललं.