धाकटीमागची सावली

"दिसली! दिसली! धाकटीच्या मागं उभीच आहे बघा!"

बैठकीच्या खोलीतली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. फोटोत घरची धाकटी सून भिंतीशी स्टुलावर बसलेली. तिच्या खांद्याआडून एक काळीभोर आकृती डोकावत होती, मानही धाकटीसारखीच कललेली. थोरल्या सुनेच्या फोटोत असलं काही नव्हतं, शेजारणीच्याही नव्हतं.

छायाबाबांनी डोळे मिटले. "डोळा फसतो, यंत्र फसत नाही! काल सांगितलं, आज दाखवलं. ही चेटकी आईच्या दुधात उतरते. लेकरू जवळ गेलं की सुकलंच म्हणून समजा!"

आतल्या खोलीत चार महिन्यांची तान्ही रडून रडून घोगरी झाली होती. कालपासून तिला आईजवळ दिलं नव्हतं. चमच्याने पाजलेलं दूध ती थुंकून टाकत होती. इकडे धाकटीचे कपडे छातीशी ओले झालेले. लेकरू रडे तिकडे, पान्हा फुटे इकडे, आणि मध्ये बाबांचं बंद दार.

उंबऱ्याशी पोचलेल्या मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती धाकटीची सख्खी मोठी बहीण. वीस वर्षं तिचा फोटो स्टुडिओ होता. निरोप मिळताच बॅग खांद्याला अडकवून धावत आली होती.

"बाबा, थोरलीचं स्टूल कुठं होतं?"

"प्रश्न नको, बाई. शक्ती बिथरते."

"बिथरू दे. स्टूल कुठं होतं?"

"खोलीच्या मधोमध," थोरलीच बोलली. "धाकटीला तेवढं भिंतीला टेकवलं."

"मग आता बाबा टेकतील."

"माझं तेज यंत्राला सोसत नाही!"

"सोसेल. न सोसलं तर दुरुस्त करून देते."

"बसा की बाबा," शेजारीण म्हणाली, "आम्ही नाही का बसलो?"

बाबा बसले. मावशीने मघाचे फोटो काढणाऱ्या बाबांच्या शिष्याच्या हातून कॅमेरा घेतला, त्याच्यासारखाच उभा धरला, म्हणजे फ्लॅश बाजूला आला. लख्खकन उजेड पडला.

"अगं बाई! बाबांच्या मागची तर जटांसकट आहे!"

"ती... ती माझी रक्षक शक्ती!" बाबा चाचरले.

मावशीने बॅगेतून दुधी प्लॅस्टिकची टोपी काढून फ्लॅशवर बसवली, फ्लॅशचं तोंड छताकडे वळवलं, आणि धाकटीला पुन्हा तिथंच बसवलं. या फोटोत भिंत जवळजवळ कोरी होती.

"पळाली! माझ्या मंत्राने पळाली!"

मावशीने टोपी काढली, फ्लॅश पुन्हा समोर वळवला. काळी बाई परत हजर. टोपी घालून वर वळवला, गायब.

"चेटकी प्लॅस्टिकच्या टोपीला भिते, बाबा. तुम्हाला मात्र भीक घालत नाही."

खोलीत हशा उसळला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"म्हणजे काय समजायचं गं?"

"सावली ही उजेडाची लेक, काकू. बाप दांडगा तर लेक दांडगी. उघडा फ्लॅश एकाच बाजूने सरळ आदळतो, आणि पाठीशी भिंत असली की सावली तिच्यावर ठसठशीत उमटते. माणूस मधोमध बसला तर भिंत दूर राहते, सावली फोटोच्या चौकटीबाहेर सरकते. ही टोपी म्हणजे डिफ्यूझर. ती उजेड पसरवते; तो छतावरून, भिंतींवरून परतून सगळीकडून येतो आणि सावली धुऊन टाकतो. हे यांना ठाऊक होतं. म्हणून तर स्टूल हलवलं."

सासूबाई उठल्या, आत गेल्या. तान्हीला घेऊन आल्या आणि धाकटीच्या ओटीत ठेवताना त्यांना मान वर करवेना.

"घे. पाज. मीच आंधळी झाले."

रडणं थांबलं. खोलीत फक्त चुटूचुटू आवाज राहिला.

बाबा दाराकडे सरकत होते. मावशीने कॅमेरा त्यांच्या छातीवर आदळला. "न्या. यंत्र बिचारं खरंच बोललं. खोटं बोललात ते तुम्ही."

मग ती लोकांकडे वळली. "उद्या दुसरा कुणी येईल, दुसरा पुरावा दाखवील. पायाशी लोळण घेण्याआधी एवढंच विचारा: स्टूल कुठं होतं? तेवढ्या एका प्रश्नावाचून हे लेकरू कालपासून उपाशी राहिलं."