साडेसातास एक

चंदीगडात तेरा नंबरचा सेक्टर नाही. बारा आहे, चौदा आहे.

रुईची पानं मैदानामागच्या पडीक जागेत मिळतात. शनिवारी मारुतीला तीच माळ.

बटाट्याच्या पोत्यांवर माणूस झोपवला तर तो घसरत नाही.

हवाई दल माणसाला आधी पळवून बघतं.

साडेसात.

"काय म्हणालात?" सरलाचं लाटणं पोळपाटावरच थांबलं.

"साडेसात," विश्राम परब पुन्हा म्हणाला. मागच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मुलाच्या बुलेटचं इंजिन उघडं पडलं होतं. "दाबाचं प्रमाण. साडेसातास एक. कंपनीनं दिलंय साडेसहा, ते बैलगाडीला ठीक. तुझा मुलगा मागतोय नऊ, ते विमानाला ठीक."

"दुसरा आकडा नाही का?"

"आकडा म्हणजे काय साडीचा रंग आहे?"

वरच्या मजल्यावरचे वामनराव चहाला आले होते. लेखा खात्यातला हा माणूस सुटीच्या दिवशी पत्रिका बघे. विश्रामच्या मते, कामाच्या दिवशीही तेच करी. "अहो परब, हेरंबची सिंह रास. ऐन साडेसाती चाललीय पोराची. आणि तुम्ही त्याच्या बुडाखाली आणखी एक साडेसात बसवणार?"

"तुमच्या खात्यात शनीची बेरीज कोण करतं हो? तुम्ही, की शिपाई?"

वामनराव हसले. सरला हसली नाही. तिचा हेरंब बावीस वर्षांचा, एकुलता एक. हवाई दलात त्याची निवड झाली होती, पुढच्या महिन्यातली वैद्यकीय तपासणी तेवढी उरली होती. तपासणीपर्यंत त्याला उन्हातसुद्धा पाठवू नये असं तिला वाटत होतं, आणि इथे बाप त्याच्या गाडीत शनी घालायला निघाला होता.

"बाबा, नाइन में क्या प्रॉब्लेम है?" हेरंब दारातून म्हणाला. त्याला मराठी कळे. उत्तर तो हिंदीत देई. "रणदीप की बाइक में नाइन है. क्या भागती है यार!"

"रणदीपच्या बापाचा पेट्रोलपंप आहे. जादा ऑक्टेनचं पेट्रोल त्याच्या घरात नळाला येतं. तुझा बाप सरकारी वर्कशॉपात टेक्निकल असिस्टंट आहे."

"तो क्या?"

"तो काही नाही. जा."

खरं तर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. लुधियान्याहून आणलेल्या नव्या पिस्टनचं डोकं मुद्दाम उंच ठेवलेलं असतं, आणि ते जेवढं घासाल तेवढा दाब उतरतो. दाब वाढला की गाडी जोमानं ओढते, पण साध्या पेट्रोलला तो सोसत नाही. जूनच्या उन्हात, चढावर, ते ठिणगीची वाट न बघता आपणच पेटतं आणि इंजिन आतून ठेचून काढतं. कालक्याच्या पुढे, डोंगरात, पंपावर साधंच पेट्रोल मिळतं. एवढंच. पण विश्रामचं मत असं, की ज्याला सांगावं लागतं त्याला कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही. या मतापायी तो वर्कशॉपात इतकी वर्षं एकटाच डबा खात होता. साहेब गाढव, हाताखालचे गाढव, गणपतीत वर्गणी मागायला येणारे मंडळवाले तर गाढवांची पालखी. आखीव शहर, सरळ रस्ते, मोठमोठे गोल चौक. इथे माणसाला चुकायला जागा ठेवलेली नाही, तरी लोक कष्ट करून चुकतात, असं तो म्हणे.

शुक्रवारी सकाळी हेरंब हातात पिस्टन घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आई, कितना रखूँ?"

"मला काय कळतंय त्यातलं?" सरला चकित झाली. मग तिनं पदराला हात पुसले आणि पिस्टनकडे न बघता म्हणाली, "आठ कर, नऊ कर, काहीही कर. तेवढा एक आकडा नको, राजा."

"नाइन पक्का?"

"पक्का."

तो पिस्टन लेथवर घासून घ्यायला मनीमाजऱ्याच्या खराद्याकडे गेला.

शनिवारी दुपारी इंजिन जोडून झालं. विश्राम व्हरांड्यात आरसा टांगून दाढी करत होता. हेरंबनं किक मारली आणि पायडल उलटून त्याच्या पोटरीवर बसलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि मूठ पिळताच आतून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. रणदीप बाहेर टाळ्या वाजवत होता.

विश्रामचा वस्तरा थांबला नाही. किकच्या पहिल्या उलट्या झटक्यालाच त्याला आकडा कळला होता.

"नीट झालंय ना हो?" सरलानं विचारलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान तिला आवडलं नव्हतं.

"तुझ्या वामनरावांना विचार."

त्यानं दुसऱ्या गालाला साबण लावला. फार तर काय होईल? पिस्टनला भोक पडेल. उद्या कसौलीला जाताना परवाणूच्या चढावर गाडी ढकलून चिरंजीवांना घाम फुटेल, आणि घरी आल्यावर ते खाली मान घालून उभे राहतील. तेव्हा काय बोलायचं ते वाक्यसुद्धा त्यानं जुळवून ठेवलं.

रविवारी पोरं कसौलीला निघाली. परवाणूच्या वर, वळणावर, इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी बांधलं गेलं आणि गाडी हेरंबच्या पायावर आडवी होऊन रस्त्यावरून घासत गेली. रणदीपनं ट्रक थांबवला. ट्रकवाल्यानं बटाट्याच्या पोत्यांवर हेरंबला झोपवून थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आणून सोडलं आणि नाव न सांगता निघून गेला.

मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टर नगरचे निघाले. "चालेल की," ते आपुलकीनं म्हणाले. पळण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही.

संध्याकाळी वामनराव मोसंबी घेऊन आले. "अहो, आकडा टाळला म्हणून शनी टळतो होय? तो आपला..." त्यांनी विश्रामकडे बघितलं. एरवी याच्यावर विश्रामनं त्यांना दार दाखवलं असतं. आज तो पिशवीतली मोसंबी काढून कपाटावर नीट मांडत राहिला. वामनराव रिकामी पिशवी घडी करून गेले.

सरला स्टुलावर बसून होती. ती म्हणाली, "तुमचंच खरं होतं. साडेसातच करायला हवं होतं."

हे वाक्य ऐकायला विश्राम आयुष्यभर थांबला होता. साहेबांकडून, मंडळवाल्यांकडून, कुणाकडूनही चाललं असतं. आता ते आलं होतं, तर त्याचं काय करावं हे त्याला सुचेना.

"पिस्टन?" हेरंबनं डोळे मिटूनच विचारलं.

"गेला."

"अच्छा."

एक मोसंबं घरंगळून कॉटखाली गेलं. विश्राम गुडघे टेकून वाकला, ते हाताला लागलं, तरी तो लवकर वर आला नाही.

आदल्या गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर हेरंब पिस्टन घेऊन त्याच्याकडेच आला होता, आणि अडखळत, मराठीत म्हणाला होता, "बाबा, तुम्ही सांगा, मी तेवढं घासतो." तेव्हा विश्रामनं वर्तमानपत्राचं पान उलटत म्हटलं होतं, "मला कशाला विचारतोस? आईला विचार."