पट्टीवरचे केळे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रे आहे. असोद्याच्या अंगणवाडीत माझे आयुष्य गेले. अमळनेरच्या शालिग्राम मिस्त्रींनी मला सागाच्या उरलेल्या फळ्यांतून घडवले आणि माझ्या प्रत्येक खणाला वेगळा रंग दिला. हिरव्याशेजारी पिवळा आला, यामागे काही विचार नव्हता. डबे त्या क्रमाने उघडले गेले, एवढेच. माझ्याबरोबर मिरची, कावळा, कापसाचे बोंड, केळे असे लाकडी तुकडेही घडले. ते मात्र बिनरंगी होते. तुकडा हातात घ्यायचा, त्या वस्तूचा रंग आठवायचा आणि तो त्या रंगाच्या खणात ठेवायचा, असा खेळ. लाकडाला मन असते, असा माझा दावा नाही. पण लहान बोटे खणात उतरली की मला बरे वाटे.

पुढे चाळीसगावहून लग्न होऊन आलेल्या पुनमताई इथे सेविका झाल्या. एकदा शीतल नावाच्या मुलीने केळे हिरव्या खणात ठेवले. ताईंनी ते उचलून पिवळ्यात ठेवले. शीतलने ते परत हिरव्यात ठेवले.

"शीतल, केळं पिवळं असतं गं."

"शितलीले रंगच येत नाही," ईश्वर म्हणाला आणि सगळी मुले हसली.

त्यानंतर शीतलने माझ्यात हात घातला नाही. मुठी फ्रॉकच्या खिशात घालून ती भिंतीला टेकून बसे. ताई बोलावत, ती मान हलवी. हात मागे घेतलेल्या मुलाला रंग शिकवता येत नाहीत, हे ताईंनाही कळत होते.

मग एका सकाळी तिचे आजोबा, जीवराम आबा, मुलांच्या खाऊसाठी हिरव्या केळ्यांची फणी घेऊन आले.

"ताई, पिकू द्या, मंग वाटा. अन् एक सांगा, तुमच्या चाळीसगावले केयं झाडावरच पिवयी होतात का? आमची नात इचारते."

ताई हसल्या. "आबा, बाजारात तर पिवळीच येतात."

"बाजारात येतात. आमच्या केयीच्या मयातून तं हिरवीच ट्रकात चढतात."

ताई हसता हसता थांबल्या. शीतलचे उत्तर चुकले नव्हते. तिचे केळे वेगळ्या वेळी पाहिलेले होते. त्यांनी फणीतले एक केळे तोडून तिच्यासमोर धरले.

"तुझंही बरोबर होतं. ठेव बरं. आता रोज बघू याचं काय होतं."

खिशातला हात हळूच बाहेर आला. केळे हिरव्या खणात बसले, देठाचा चीक शेजारच्या पिवळ्या खणाच्या कडेच्या पट्टीवर सांडला. मग रोज सकाळी मुले आधी माझ्याकडे येत. एके दिवशी केळे मध्ये पिवळे आणि टोकांना हिरवे दिसले.

"आता कुठी ठेवशीन?" ईश्वरने विचारले.

शीतलने ते फिरवून फिरवून पाहिले आणि दोन खणांमधल्या पट्टीवर आडवे ठेवले. या वेळी कोणी हसले नाही.

"पडीन ते," ईश्वर म्हणाला आणि त्याने एका बोटाने ते धरून ठेवले.

आता मी कपाटावर पोत्यांखाली असतो. नवा प्लास्टिकचा संच आला आहे. त्यातले केळे कारखान्यातूनच पिवळे येते. मित्रांनो, मला खाली काढा. ओल्या फडक्याने पुसा, पण उन्हात टाकू नका, लाकूड तडकते. एखाद्या मुलाने वस्तू भलत्याच खणात ठेवली, तर ती उचलण्याआधी विचारा, तू ही कुठे पाहिलीस? खणांना नवा रंगही द्या. फक्त हिरव्या-पिवळ्यामधली पट्टी तशीच राहू द्या. तिच्यावर चिकाचा काळा डाग आहे. तो मला हवा आहे.