पौषात चाललेल्या कूलरची कैफियत

नागपूरचा कूलर ही काय चीज असते, हे बाहेरगावच्यांना सांगून पटत नाही. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं. मी मनोहररावांच्या घरचा कूलर.

माझा जन्म सत्तर सालाच्या आसपास इतवारीतल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. तीन बाजूंना जाळी, जाळीत वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी आणि छातीत पंखा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात स्टोअर सांभाळणाऱ्या मनोहररावांनी मला सायकलरिक्षात घालून सक्करदऱ्याला आणलं. त्यांच्या पत्नी शामलाबाई यांनी मला हळदकुंकू लावलं आणि मला खिडकीत बसवलं. तोंड खोलीत, पाठ व्हरांड्यात. त्यामुळे घरातलं आणि बाहेरचं, दोन्हीकडचं मला ऐकू येई.

आमचा शिरस्ता ठरलेला. होळी पेटली की कूलर उघडायचा आणि मृग लागला की जुन्या लुगड्यात गुंडाळायचा. उन्हाळ्यात माझ्या समोरच्या खाटेसाठी सख्खे भाऊ भांडत. एकदा मी लुगड्यात गेलो की मात्र माझ्या डोक्यावर पापडाचे डबे आणि मनोहररावांची कानटोपी. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण कूलरवरूनच निघाली असावी.

एका वर्षी ऐन पौषात हा शिरस्ता मोडला. रविवारची दुपार होती. मनोहरराव स्वेटर घालून अंगणात उन्हाला बसले होते, ओला हरभरा सोलत. एवढ्यात शामलाबाई पीठभरल्या हातांनी खोलीत आल्या, माझं लुगडं ओढलं, पापडाचे डबे धाडधाड खाली गेले आणि बटण दाबलं गेलं. मी गाढ झोपेत होतो. कोळिष्टकं, धूळ, एक मेलेलं झुरळ, जे होतं ते सगळं मी त्यांच्या तोंडावर फेकलं. बाई हलल्या नाहीत. पदराने मान पुसत, डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मला बंद केलं आणि शाल पांघरून बसल्या.

मग हे रोजचंच झालं. बाईंची पंचेचाळिशी उलटलेली. झोप उडालेली. कढीत मीठ जास्त म्हटलं की भांडण, आणि छान झाली म्हटलं की रडणं. मनोहरराव बिचारे मुकाट जेवू लागले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, बरं नाही काय. बाई म्हणाल्या, "मले गरमी होऊन राहिली." मनोहररावांनी खिडकीबाहेर हात काढून पाहिला आणि लगेच आत घेतला.

समोरच्या घरात डॉक्टर शरच्चंद्र राहायला आले होते. साताऱ्याकडचे, हुशार, पण दिवाळीनंतर आलेले. नागपूरचा उन्हाळा त्यांनी पाहिलाच नव्हता. आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, मला ती फार उशिरा कळली. तिकडे देशावर उकाड्याला उकाडा म्हणतात, आणि गरमी म्हणतात ती बाहेरख्याली नवऱ्यामुळे घरात शिरणाऱ्या वाईट रोगाला. आमच्याकडे हिंदीच्या शेजाराने गरमी म्हणजे निव्वळ उकाडा. मनोहररावांनी डॉक्टरांना व्हरांड्यात, बरोबर माझ्या पाठीशी बसवलं आणि आवाज खाली केला.

"साहेब, आमच्या घरच्यांले गरमी झाली."

डॉक्टरांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "तुम्हाला आहे?"

"मले तं दरसाल होते. साऱ्या नागपुराले होते."

"साऱ्या नागपूरला?"

"मे महिन्यात तं विचारूच नका."

डॉक्टरांनी खुर्ची आणखी मागे घेतली. त्यावर तुम्ही लोक करता काय, असं त्यांनी विचारलं. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे जे करतात, ते मनोहररावांनी खरं खरं सांगितलं, "खिशात कांदा ठेवतो."

कांद्याने हा रोग जात नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. दोघांचं रक्त तपासायचं, तोवर अंथरूण वेगळं, भांडी वेगळी, आणि मनोहररावांनी बाहेरचे नाद सोडायचे. मनोहररावांचा बाहेरचा नाद एकच, महिन्याकाठी सावजीच्या खानावळीत चोरून खाल्लेला झणझणीत मटणाचा रस्सा. तो रस्सा बायकोला बाधला कसा, हे काही त्यांना उमगेना, पण त्यांनी तो त्याच दिवशी सोडला.

त्यांनी घरात कोणालाच काही सांगितलं नाही. गुपचूप आपलं अंथरूण व्हरांड्यात टाकलं आणि बाईंची ताट-वाटी वेगळ्या फडताळात ठेवली. तिथेच घात झाला. बाईंची एक मावशी क्षयाने गेली होती, तिचीही भांडी अशीच वेगळी केली होती. शामलाबाई फडताळासमोर उभ्या राहिल्या आणि काय समजायचं ते समजल्या. त्या दुपारी त्या माझ्यासमोर बसून हमसून रडल्या. मी बंद होतो. मला काहीच करता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई निरवानिरवीला लागल्या. लोणच्याचं प्रमाण शेजारणीला सांगून टाकलं. जिच्याशी अबोला होता तिच्याकडे जाऊन चहा पिऊन आल्या. काटोलहून थोरल्या बहिणीला, गोपिकाबाईंना बोलावून घेतलं आणि आपली हिरवी इरकली साडी त्यांच्या मांडीवर ठेवली. गोपिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मनोहररावांना साखर आणायला पिटाळलं आणि डॉक्टरांना थेट खोलीत आणून बसवलं.

शामलाबाईंनी सरळ विचारलं, "डॉक्टर, माझे किती दिवस राहिले?"

तसं काही नाही, औषध आहे, असं डॉक्टर म्हणाले. फक्त ते मनोहररावांनाही घ्यावं लागेल.

"त्यांले काहून? गरमी तं मले होते. छातीतून उठते, मानेवर चढते, तोंड लाल होते, घामानं पोलकं ओलं होते. मंग एकदम थंडी वाजते. तेवढ्यापुरती ह्या कूलरसमोर उभी राहाते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचे कान लाल झाले. पौषात नागपुरात पहिल्यांदाच कोणा पुरुषाला घाम फुटलेला मी पाहिला.

मग त्यांनी मान खाली घालून पाळीची चौकशी केली. बाईंनी बहिणीकडे पाहून हळू आवाजात उत्तरं दिली. वर्षभर तिचा काही नेमच राहिला नव्हता. डॉक्टर आता नीट बोलू लागले. हा रोग नाही, वय आहे. पाळी जायच्या दिवसांत पुष्कळ बायकांना असं होतं. झोप जाते, जीव कावतो, उगाच रडू येतं. हळूहळू ओसरतं. अंगावरून जास्त गेलं, किंवा पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलं, तर मात्र लाजू नका, तडक दाखवा.

 मग गोपिकाबाई म्हणाल्या, "मलेही झालं होतं."

"कधी?"

"पोरीच्या लग्नाच्या साली. मी विहिरीवर जाऊन अंगावर घागरी घेत होती."

"मंग मले सांगतलं काहून नाही वं?"

गोपिकाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "काय सांगू? मले वाटलं, मले एकटीलेच हाय."

शामलाबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. या खेपेला दोघीही रडल्या. मग डोळे पुसून शामलाबाईंनी बहिणीकडून इरकली परत मागितली. गोपिकाबाईंनी दिली नाही. दिलेलं परत घेतलं तर पाप लागतं, असं म्हणून पिशवीत घातली.

मनोहरराव साखर घेऊन आले तेव्हा डॉक्टरांनी व्हरांड्यात उभं राहून त्यांची माफी मागितली. मनोहररावांना घोळ कळला नाही. रस्सा खायला हरकत नाही, एवढं मात्र कळलं.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शामलाबाईंनी वाण म्हणून शिंदीचे हातपंखे वाटले. तरण्या सुना तोंडाला पदर लावून हसल्या, पौषात पंखे म्हणून. वयाच्या बायका हसल्या नाहीत. साऱ्या गल्लीला धाकात ठेवणाऱ्या भजनी मंडळाच्या यमुताईंनी पंखा उलटसुलट करून पाहिला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "शामला, तुले कोणी सांगतलं वं?" शामलाबाईंनी उत्तर द्यायच्या आधी माझं बटण दाबलं. चार-पाच बायका सरकत सरकत माझ्यासमोर येऊन बसल्या. मग ज्या गप्पा निघाल्या, त्या मी सांगणार नाही. कूलरलाही अब्रू असते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. उन्हाळ्यात तर कोणताही कूलर वाहवा मिळवतो.

आता माझा तळ गंजलाय. खिडकीत नवा कूलर आलाय, आणि मी त्याच खिडकीखाली व्हरांड्यात पडून आहे. शामलाबाई साठीच्या झाल्या. त्यांचा घाम केव्हाच ओसरला, जीभ मात्र तशीच आहे. परवा त्या सुनेला, उत्तराला, समोर बसवून सगळं सांगत होत्या. उत्तरा तिशीतली. ती लाजून म्हणाली, "आई, मले अजून लय वर्षं हायेत. आत्ताच काहून?"

बाई म्हणाल्या, "आत्ता ऐकून ठेव. म्हणजे तवा भेव लागणार नाही."

भंगारवाल्याने मला कधीही न्यावं, माझी तक्रार नाही. फक्त वर बसलेल्या त्या तरण्या कूलरला एवढीच विनंती: बायका बोलत असल्या, की आवाज जरा कमी ठेवत जा गा बाबू.