मास्तर टांगणीला

शिंपीमास्तरांचा हिशोब सरळ होता. डोंगर बचाव पथकाला अठरा जाकिटं शिवून हवी होती, निम्मे पैसे आगाऊ मिळणार होते, आणि त्या पैशांत जाड कापडाला न घाबरणारं नवं मशीन येत होतं. शिवाय वर्तमानपत्रात फोटो. बदल्यात मास्तरांनी द्यायचं काय, तर रविवारची एक सकाळ. निधी जमवायला पथक वाचनालयाच्या गच्चीवरून एक खोटा जखमी दोराने खाली उतरवून दाखवणार होतं आणि जखमी व्हायला कुणी तयार नव्हतं. मास्तर धावत गेले.

"नुसतं पडून राहायचंय ना," बायको म्हणाली, "मग हे काम वेळेवर होईल."

टोमण्याला कारण होतं. मास्तरांना सगळे उद्यामास्तर म्हणत. कापड घेताना ते इतके गोड बोलत की गिऱ्हाईक पावती मागायलाच विसरे, कपडा मागायला गेलं की मान वर न करता म्हणत, "उद्या या." हात मात्र सुरेख, हीच तर पंचाईत. वाईट शिवत असते तर लोकांनी केव्हाच नाद सोडला असता.

पथकाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांनी मास्तरांना बजावलं होतं की जाकिटांचं काम कुणाला द्यायचं ते रविवारनंतर ठरेल, कारण डोंगरावर उद्या नसतो. मास्तरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आपला शब्द म्हणजे दुहेरी शिवण. बाईंनी त्यांच्याकडे किडकी दाढ बघावी तसं बघितलं आणि बरं म्हणाल्या.

गच्चीवर दोर सांभाळायला मास्तरांचा मेहुणा होता. एरवी तो नळ दुरुस्त करी. त्याची पँट मास्तरांकडे पडून होती. माप दिलं तेव्हा त्याला पोट नव्हतं. त्याने मास्तरांना स्ट्रेचरवर निजवलं, हात आत घातले आणि छाती, कंबर, गुडघे पट्ट्यांनी आवळले.

"घट्ट नाही ना झालं, दाजी?" त्याने मायेने विचारलं, आणि आणखी एक ओढ दिली.

स्ट्रेचर मजलाभर खाली आलं आणि थांबलं. खालून डॉक्टरीणबाईंचा कर्णा बोलू लागला. चौकात दोन बादल्या ठेवल्या आहेत. पिवळ्या बादलीत पैसे टाकले की जखमी हातभर खाली येईल, लाल बादलीत टाकले की हातभर वर जाईल. हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते निश्चिंत होते. आपल्याला वर पाठवायला पैसे कोण मोजणार?

पोरांनी पिवळ्या बादलीत नाणी टाकली, स्ट्रेचर दोन हात उतरलं. मग चष्म्याच्या दुकानाचा मालक पुढे आला. गेल्या हिवाळ्यात त्याने कोटाचं कापड दिलं होतं. दुसरा हिवाळा आला तरी तो स्वेटरावरच होता. त्याने नोट उलटसुलट करून पाहिली आणि लाल बादलीत टाकली. मास्तर वर गेले. पाठोपाठ पाववाली आली, तिच्या मागे निम्मा चौक. नोटा लाल बादलीत पडत होत्या आणि मेहुणा एका हाताचे खुशाल दोन हात मोजत होता.

"अहो, उतरवा मला," मास्तर कळवळून म्हणाले. "दुकान उघडायचंय."

खालून चष्मेवाल्याने मानही वर न करता सांगितलं, "उद्या या."

चौक हसून हसून वाकला. डॉक्टरीणबाई जिना चढून वाचनालयाच्या खिडकीत आल्या; त्यांचं तोंड बरोबर मास्तरांच्या तोंडासमोर आलं. जखमीला बोलतं ठेवायचा पथकाचा नियमच होता.

"कोट कधी?" बाईंनी विचारलं.

"होईल की, एक-दोन दिवसांत..."

बाईंनी गच्चीकडे बोट केलं. स्ट्रेचर जरासं हललं.

"मंगळवारी," मास्तर म्हणाले.

बाईंनी कर्ण्यातून मंगळवार जाहीर केला आणि चष्मेवाल्याने पिवळ्या बादलीत नोट टाकली. मग पाववालीचा बुधवार झाला, मेहुण्याचा नवं माप घेऊन शुक्रवार. एकेक वार पदरात पडेल तसे लोक पैसे टाकत गेले आणि मास्तर उतरत गेले. जमीन हातभर राहिली. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच लाल बादलीत नोटांची आख्खी गुंडाळी पडली. स्ट्रेचर थेट गच्चीच्या कठड्याला लागलं.

"कोण आहे तो?" मास्तर ओरडले.

"पडदे," खालून बायकोचा आवाज आला. "स्वयंपाकघराच्या खिडकीचे. चार वर्षं झाली."

"आज," मास्तर म्हणाले. "जेवायच्या आधी."

पडदे जेवणाआधी लागले, कोट मंगळवारी गेला, पँटही शुक्रवारी पोटावर नीट बसली. शनिवारी बाई दुकानात आल्या आणि जाकिटांचं काम, आगाऊ पैशांसकट, मास्तरांना देऊन गेल्या. कधी मिळतील असं विचारल्यावर मास्तरांच्या ओठांवर "उ" आला होता. तो त्यांनी गिळला आणि तारीख सांगितली.

जमा-खर्च असा. नवं स्ट्रेचर आलं, वर दोर घेण्यापुरते पैसे उरले. चष्मेवाल्याने मास्तरांना आधी वर पाठवायला आणि मग खाली आणायला मिळून कोटाच्या शिलाईएवढे मोजले आणि त्यात आपला फायदाच झाला म्हणाला. पाववालीला पैसे गेल्याचं काही वाईट वाटलं नाही. सगळ्यांत मोठी देणगी लाल बादलीतली ती गुंडाळी. तिला बांधलेलं होतं लेंग्याचं इलॅस्टिक, आणि मास्तरांच्या दुकानाचा गल्ला सोडला तर तशा इलॅस्टिकात नोटा कुठेच बांधत नाहीत. पथकाने पावती रीतसर मास्तरांच्या नावे फाडली.

बायकोने ती नव्या पडद्याला टाचणीने लावून ठेवली.