छातीतली घरघर थांबली हो!

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. फुंकरबाबांनी पाच महिन्यांच्या चिमीच्या छातीवर माइक टेकवला. मागच्या खेपेला याच कर्ण्यातून घर्रऽऽ घर्रऽऽ ऐकून लोकांच्या अंगावर काटा आला होता. आज जेमतेम कुजबुज!

"बुजलं! हृदयाचं भोक बुजलं!" बाबा गरजले. "चार फुंकरांत खेळ खलास! डॉक्टरांना म्हणावं, बसा आता माश्या मारत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चिमीच्या आजीने लोटांगणच घातलं. बाबांच्या आज्ञेवरून चिमीची औषधं तिनेच बंद केली होती, म्हणजे श्रेयात तिचाही वाटा होताच की!

चिमीची आई शिवणकाम करायची. तिला काही टाळी वाजवता येईना. लेकीसाठी शिवलेलं झबलं अंगाला घट्ट व्हायचं सोडून दिवसेंदिवस सैल होत होतं. दोन घोट दूध प्यायली की पोर धापा टाकायची.

"बाबा, दूध पिताना घामाघूम होते हो."

"गेल्या जन्मीचं पाप निथळतंय, माई! निथळू दे."

घ्या! एवढ्याशा पोरीकडे पापाचा साठा तरी केवढा! आईने चिमीला उचललं आणि तडक हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. सासूबाई कुरकुरत मागोमाग आल्या.

डॉक्टरीणबाईंनी इको काढला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक जसंच्या तसं होतं, चांगलं मोठं.

"मग आवाज कुठं गेला?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, आवाज भोकातून जोरात घुसणाऱ्या रक्ताचा असतो. औषध थांबलं, हृदय थकलं, फुप्फुसांतला दाब चढला. जोर ओसरला, म्हणून आवाज मंदावला. असंच राहिलं असतं तर पुढे शस्त्रक्रियाही करता आली नसती."

"पण बाबांनी एवढी पोरं बरी केली ती?"

"लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात. बाबा फुंकोत नाहीतर घोरोत!"

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मीच गं औषध तोडलं," म्हणत सुनेचा हात धरून त्या ढसाढसा रडल्या.

औषधं पुन्हा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत शस्त्रक्रिया करून भोकाला ठिगळ लावलं. चिमी आता असं भोकाड पसरते की शेजारी भिंत ठोकतात.

सासूबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. बाबांच्या दारातल्या रांगेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बायांनो, आवाज कसले ऐकताय! पोर दूध पिताना दमतं का, वजन धरतं का, ते बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध तोडू नका. मी तोडलं होतं. माझी नात जाता जाता वाचली."

कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. मग घामेजलेलं बाळ पदराने पुसत एक आई रांगेतून बाहेर आली.

"आजी, त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?"