शेटजींच्या घरची बासुंदी

भुसावळजवळच्या त्या वृद्धाश्रमात स्वयंपाकीण सारिका चवळी निवडत बसली होती, तेवढ्यात टेम्पो आला. कन्हैयालाल शेटजींच्या घरचं लग्न आटोपलं होतं. उरलेलं जेवण आश्रमात पाठवायचं, ही गावाची जुनी रीत. घरही रिकामं होतं, पुण्यही लागतं. डबे शेटजींनीच दान दिलेल्या फ्रीजमध्ये गेले. केव्हाचे, हे कुणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी सारिकाने बासुंदी वाढली.

"आंबट लागी राह्यनी व माय," आश्रमातल्या सुनंदाबाई म्हणाल्या.

"लग्नाची आहे अक्का, खा हो," म्हणत तिने लेकीला भरवावं तशी चमच्याने भरवली.

रात्रीच त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले; तिसऱ्या दिवशी सुनंदाबाई गेल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, "कधी केलेली होती?" सारिकाला सांगता आलं नव्हतं.

"वय झालं होतं," व्यवस्थापक पंडितभाऊ म्हणाले. शेटजींनी हार पाठवला.

सारिकाने मेडिकलमधून पांढरी चिकटपट्टी आणली. प्रत्येक डब्यावर लिहू लागली: काय, कुणाकडचं, केलं कधी, आलं कधी.

"ताई, देणाऱ्याला असं विचारतात का?" पंडितभाऊ कुरकुरले.

"नाही विचारलं म्हणून अक्का गेल्या, भाऊ."

महिन्याभराने शेटजींच्या नातवाचा साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पातेली आली, मागोमाग शेटजी आणि फोटोवाला. ड्रायव्हरला विचारून सारिकाने पट्टी लिहिली. आज्यांना बजावलं, घास उचलायचा नाही. ताटं वाढली आणि सगळ्यांसमोर पट्टी मोठ्याने वाचली:

"पनीरची भाजी. कन्हैयालाल शेटजींकडची. केली काल सकाळी नऊला. आली आज दोनला. मधे मांडवात उघडी."

"काढ ती पट्टी!" शेटजी कडाडले.

"का? फ्रीजवर तुमचं नाव हातभर आहे. भाजीवर बोटभर लिहिलं तर झोंबलं?" तिने वाटी पुढे केली. "पहिला घास तुमचा."

मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तापत होतं. शेटजींनी वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"माझं पोट जरा ठीक नाही."

"मंग आमनं पोट काय पत्रानं शे का, शेट?" वेणूबाई खदखदून हसल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आपलं ताट त्यांच्या पायाशी ठेवलं. मग हसीनाबींनी ठेवलं. मग एकेकीने. एकवीस ताटं. शेटजींना पाऊल टाकायला जागा उरली नाही.

"काढ रे, फोटो काढ," सारिका म्हणाली.

वाचकहो, तुमच्या घरी कार्य कधी आहे? डबा पाठवाल तेव्हा वेळ लिहून पाठवा, आणि जेवून बघा आधी. सारिका दारातच उभी असते.